पाश्चात्त्य क्लासिकल आणि हेवी मेटल: रेकॉर्डिंगचं परीक्षण लिहायला बसताना

बाखही ऐकणारी आणि ब्लॅक सॅबथही ऐकणारी मंडळी मराठीत भरपूर आहेत. ऐकलेल्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालणारीही आहेत. पण तेच कागदावर उतरवायची वेळ आली की हात ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘अंगावर काटा’ इथेच अडतो. मी काही वर्षं या दोन्ही संगीतांच्या रेकॉर्डिंगची परीक्षणं लिहितो आहे. सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ कुठे होतो ते आता कळलं आहे, म्हणून हा लेख.

एक फरक आधी डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. क्लासिकलमध्ये रचना आधीच कागदावर असते आणि रेकॉर्डिंग म्हणजे तिचं एक वाचन. बेथोव्हनची पाचवी सिंफनी व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला पहिल्यांदा वाजली. ती चांगली आहे का, हे आज तुम्हाला कुणी विचारणार नाही. तिची ढीगभर रेकॉर्डिंग असताना हे नवं कशाला, असं मात्र विचारतील. मेटलमध्ये नेमकं उलट. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, त्याच्यामागे कुठे वेगळी संहिता ठेवलेली नाही. टेपवर जे उमटलं तीच रचना, आणि गिटारचा खरखरीतपणा, ड्रमचं मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणं), खोलीत घुमणारा नाद हे सगळं त्या रचनेतच आलं. त्यामुळे एकाच्या परीक्षणातला पहिला प्रश्न दुसऱ्याच्या परीक्षणात बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो.

आधी हाताशी काय हवं

- तारेचा, कान पूर्ण झाकणारा एक बरा हेडफोन आणि जमल्यास स्पीकरची जोडी. महाग सेट लागत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच साधनावर ऐकलं पाहिजे, एवढीच अट. ब्लूटूथवर फिरता फिरता खुशाल ऐका, निकाल त्यावर देऊ नका.
- सीडी किंवा तिच्या तोडीची फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गाळता लहान केलेली), म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. स्ट्रीमिंग ॲपवर ऐकत असाल तर इक्वलायझर बंद ठेवा आणि सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारा पर्याय कुठे आहे ते शोधून ठेवा. तो कधी चालू करायचा आणि कधी बंद, ते पुढे येईल.
- क्लासिकलसाठी स्कोअर, म्हणजे रचनेची छापील स्वरलिपी. प्रताधिकार संपलेल्या रचनांचे स्कोअर पेट्रुची म्युझिक लायब्ररीवर फुकट मिळतात. २००६ पासून चालू असलेलं हे संकेतस्थळ आयएमएसएलपी या नावाने जास्त ओळखलं जातं. विसाव्या शतकातल्या रचनाकारांबाबत प्रताधिकार तपासून मगच उतरवून घ्या.
- अल्बमचं बुकलेट. स्ट्रीमिंगवर ते बहुतेकदा नसतं, पण पुष्कळ कंपन्या आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ ठेवतात.
- कोणती आवृत्ती कधी निघाली हे पाहायला डिस्कॉग्ज, आणि मेटल बँडच्या सदस्यांचा व अल्बमचा इतिहास पाहायला एन्सायक्लोपीडिया मेटॅलम.
- बोटाने ठेका दिला की गती सांगणारं मेट्रोनोमचं ॲप.
- फाइलची डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) मोजणारं साधन. फूबार२००० या प्लेअरला तसा जोड मिळतो.
- वही. फोनवर टिपणं काढायला घेतली की पाचव्या मिनिटाला तुम्ही व्हॉट्सॲपवर असता.

१. नेमकं कोणतं रेकॉर्डिंग, ते आधी ठरवा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त परीक्षणं घसरतात तीही इथेच.

‘कारायानची पाचवी’ असं लिहून भागत नाही. संचालक (कंडक्टर) हेर्बर्ट फॉन कारायानने बेथोव्हनच्या सगळ्या सिंफनी १९५० च्या दशकात लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर केल्या आणि नंतर बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर साठच्या, सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा पुन्हा केल्या. यातली कोणती? ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि बाजारात आल्याचं वर्ष वेगळं असतं, त्यामुळे दोन्ही पाहा. स्टुडिओत की प्रेक्षकांसमोर, तेही पाहा. ब्रुकनर असेल तर स्कोअरची आवृत्ती पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका. त्याच्या आठव्या सिंफनीची हास यांनी १९३९ साली संपादित केलेली आवृत्ती आणि नोवाक यांची १९५५ ची आवृत्ती यांत काही जागी संगीतच वेगळं आहे. संचालकाने सुंदर जागा गाळली म्हणून तुम्ही तक्रार कराल, आणि ती जागा त्याच्यासमोरच्या कागदावर नसेलच.

मेटलमध्ये सापळा वेगळा आहे. ओझी ऑस्बॉर्नचे ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा बॉब डेझलीचा मूळ बेस आणि ली कर्सलेकचे मूळ ड्रम काढून टाकले होते. त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलं होतं. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. मेगाडेथच्या १९९० च्या ‘रस्ट इन पीस’चं २००४ साली नव्याने मिक्सिंग झालं, त्यात बँडचा गायक डेव्ह मस्टेनने काही जागी पुन्हा गाऊन घातलं आहे. स्ट्रीमिंगवर या गोष्टी कोपऱ्यातल्या एका शब्दावर कळतात, तोही असला तर. मुखपृष्ठ तेच, गाण्यांची नावं तीच, आणि तुम्ही ज्या ड्रमरची स्तुती करताय तो त्या फाइलमध्ये वाजवतच नाहीये.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: रचना आणि तिचा सूची क्रमांक (बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, मोत्सार्टसाठी क्योखेल, शूबर्टसाठी डॉइच), वादक, संचालक, ध्वनिमुद्रणाचं ठिकाण आणि वर्ष, स्कोअरची आवृत्ती. मेटलसाठी बँडमधली त्या वेळची माणसं, निर्माता, स्टुडिओ, मिक्सिंग व मास्टरिंग (मिक्सवर शेवटचा हात फिरवून प्रत तयार करणं) करणारे, आणि ही प्रत कोणत्या सालची.

२. पहिल्यांदा नुसतं ऐका

वही बंद, स्कोअर बंद, फोन दुसऱ्या खोलीत. सलग ऐका आणि एक रात्र जाऊ द्या. इतरांची परीक्षणं या टप्प्यावर वाचू नका. वाचलीत की त्यांचे शब्द तुमच्या कानात बसतात, आणि मग ते तुमचेच वाटायला लागतात.

३. क्लासिकल: स्कोअर समोर ठेवून ऐका

नोटेशन वाचता येत नसेल तर घाबरू नका. रेषा वर जाते की खाली, कुठलं वाद्य कधी आत येतं, एवढं बोट ठेवून पाहता आलं तरी सुरुवातीला पुरतं. महिन्याभरात डोळा सरावतो.

आपल्याकडच्या श्रोत्याने एक गोष्ट मुद्दाम शिकायला हवी. रागसंगीतावर वाढलेला कान सर्वात वरची सुरावट पकडतो आणि तिच्याच मागे जातो. त्यात तो पटाईत असतो, पण पाश्चात्त्य वाद्यवृंदात अर्धी कथा खाली घडत असते. चेलो आणि डबल बास काय करताहेत, मधल्या व्हायोला कुठे सरकल्या, एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचा ताण कुठे वाढला आणि कुठे सुटला, हे ऐकण्याची सवय आपल्याला कुणी लावलेली नसते. उपाय साधा आहे. एकच मूव्हमेंट (रचनेचा एक स्वतंत्र भाग) घ्या, पहिल्या खेपेला फक्त बास ऐका, दुसऱ्या खेपेला मधली वाद्यं, तिसऱ्या खेपेला वरची सुरावट. संचालकाचं खरं काम बहुतेकदा मधल्या खेपेला कळतं. लयीच्या बाबतीत मात्र आपला कान उजवा ठरतो. वाद्यवृंदाची लय नकळत वाढली किंवा पडली तर तबल्याची सवय असलेल्याला ते लगेच जाणवतं. हे शस्त्र वापरा.

पाचव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट घेऊन काय काय तपासता येतं ते पाहू.

गती: बेथोव्हनने इथे हाफ नोटला (दोन मात्रांच्या स्वरचिन्हाला) मिनिटाला १०८ असं मेट्रोनोमचं चिन्ह दिलं आहे. पुष्कळ जुने संचालक त्यापेक्षा बरेच सावकाश जातात. ॲपवर ठेका देऊन मोजा, पण कमी भरली म्हणून लगेच लाल शेरा मारू नका. त्या सावकाश गतीतून त्यांनी काय मिळवलं ते ऐका.

पुनरावृत्ती: पहिला भाग पुन्हा वाजवा, असं स्कोअरमध्ये लिहिलेलं आहे. वाजवला की गाळला?

वाद्यं: दुसऱ्या सुरावटीच्या तोंडाशी पहिल्यांदा हॉर्नची हाक येते. तीच जागा उत्तरार्धात परत येते तेव्हा बेथोव्हनने ती ‘बसून’ या फुंकवाद्याला दिली आहे, कारण त्या काळच्या हॉर्नला त्या स्वरात ती वाजवता येत नव्हती. पुढे झडपांचे हॉर्न आले आणि अनेक संचालकांनी ती परत हॉर्नला देऊन टाकली. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे काय वाजतं, हे कुणालाही दहा सेकंदांत ऐकता येतं. संचालकाची स्कोअरकडे पाहायची दृष्टी कळायला ही एक जागा खूप सांगून जाते.

जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बारोक संगीत वाजवणारे गट बहुधा ‘ए’ हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणून सगळं साधारण अर्ध्या सुराने खाली ऐकू येतं. तारा आतड्याच्या असतात, सूर थरथरवणं कमी असतं. ‘व्हायोलिन कोरडी वाटली’ हा त्यांच्यावरचा आक्षेप होऊ शकत नाही. तो त्यांचा हेतूच आहे.

४. तुलना करा, पण नीट

क्लासिकलचं परीक्षण तुलनेशिवाय लंगडं असतं. निदान तीन रेकॉर्डिंग घ्या, तीही एकमेकांपासून लांबची. पाचवीसाठी माझी निवड अशी: विल्हेल्म फुर्टवेंगलर आणि बर्लिन फिलहार्मोनिक, मे १९४७ ची मैफल, कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४, आणि जॉन एलियट गार्डिनरचा जुन्या वाद्यांवरचा संच, १९९४ साली निघालेला. या तिघांच्या मध्ये तुमचं नवं रेकॉर्डिंग कुठे बसतं ते सांगता आलं की निम्मं परीक्षण झालं.

तुलना पूर्ण रचनेची करू नका, डोकं गरगरतं. तीच दोन मिनिटं चारही ठिकाणी लागोपाठ ऐका. आणि आवाजाची पातळी सारखी करून घ्या! दोनपैकी जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला आपोआप जास्त चांगलं वाटतं. ॲपमधला तो समान पातळीचा पर्याय इथे चालू करायचा. काम झालं की पुन्हा बंद.

कालावधीच्या आकड्यांवर झडप घालणं हा नवशिक्यांचा आवडता सापळा. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, दोन्ही न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत. पहिलं साधारण साडेअडतीस मिनिटांचं, दुसरं एक्कावन्न मिनिटांचं. यावरून ‘म्हातारपणी गूल्ड पाऊणपट गतीने वाजवू लागला’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. एक तर १९८१ मध्ये तो ४८ वर्षांचा होता. शिवाय १९५५ मध्ये त्याने पुनरावृत्त्या पूर्ण गाळल्या होत्या, १९८१ मध्ये काही घेतल्या. म्हणजे जादा मिनिटांतली काही तिथे गेली. गतीबद्दल बोलायचं असेल तर सुरुवातीची आरिया (जिच्यावर पुढची सगळी व्हेरिएशन्स बेतली आहेत ती रचना) शेजारी शेजारी ठेवा. तिथे दोन्ही वेळा पुनरावृत्ती नाही, तरी पहिल्यात ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि दुसऱ्यात तीन मिनिटांच्या पुढे जाते. हा फरक खरा, आणि लिहिण्यासारखा.

जॉइस हॅटोचं प्रकरण प्रत्येक परीक्षकाला ठाऊक असायला हवं. आजारपणामुळे मंचापासून दूर गेलेली ही इंग्लिश पियानोवादक. तिच्या नावावर तिच्या नवऱ्याने, विल्यम बॅरिंग्टन-कूपने, आपल्या छोट्या कंपनीतून शंभरच्या वर सीडी काढल्या. परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. फेब्रुवारी २००७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, लिस्टच्या एत्यूद (सरावाच्या धर्तीवरच्या रचना) असलेली तिची सीडी एका श्रोत्याने संगणकात घातली, आणि प्लेअरने वादकाचं नाव दाखवलं लासलो सिमोन. ‘ग्रामोफोन’ मासिकाने ध्वनीतज्ज्ञांकडून तपासून घेतलं. मग एकेक करत बाकीच्या सीडीही इतर वादकांच्या निघाल्या, काहींची तर गती किंचित बदललेली होती. नवऱ्याने पुढे कबुली दिली. परीक्षकांचे कान वाईट नव्हते, वादन खरोखरच उत्तम होतं. पण आजाराशी झुंजणाऱ्या वादकाची कथा त्यांनी वादनात ऐकली. वादकाबद्दलची माहिती सगळ्यात शेवटी वाचा, असं मी म्हणतो ते यासाठी.

५. मेटल: आधी घराणं ओळखा

थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, प्रोग्रेसिव्ह ही मेटलच्या उपप्रकारांची नावं दुकानदारांनी कप्पे पाडायला ठेवलेली नाहीत. प्रत्येकात चांगल्याची व्याख्या वेगळी आहे. डार्कथ्रोनचा १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरातल्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला. ड्रम दूर कुठेतरी, गिटार मधमाश्यांच्या घोंघावण्यासारखी, बेस जेमतेम. ‘ध्वनीची गुणवत्ता सुमार’ असं त्याबद्दल लिहिणं म्हणजे त्यांनी काय करायचं ठरवलं होतं तेच न कळणं. तसाच आवाज एखाद्या पॉवर मेटल बँडने दिला तर मात्र ती सरळ सरळ हयगय.

आवाज अनेकदा गावाचा आणि स्टुडिओचाही असतो. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गच्या हाताखाली एन्टूम्डने १९९० मध्ये ‘लेफ्ट हँड पाथ’ केला, त्यात बॉस कंपनीच्या एचएम-२ या, गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलची सगळी बटणं पूर्ण पिळलेली आहेत. करवत चालल्यासारखा तो आवाज पुढे स्वीडिश डेथ मेटलची खूण झाला. त्याच सुमारास फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स त्याच जातीचं संगीत कितीतरी स्वच्छ, धारदार करून देत होता. नव्या बँडने यातला कोणता वारसा उचलला, की दोन्ही सोडून तिसरंच काही केलं, हे सांगता येणं म्हणजे मेटलमधली तुलना. संपूर्ण अल्बमांच्या याद्या देत बसू नका.

मग ऐकायला बसा आणि थर वेगळे करा.

रिफ: गाण्यातला मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट, तुम्हाला दुसऱ्या दिवशी गुणगुणता येतो का? आला नाही तर तो वाईटच असं नाही, पण का आला नाही ते शोधा. किती वेळा परत आला, दरवेळी काही बदललं का?

ठेका: मात्रा मोजा. सातांत आहे की पाचांत, की चारच आहेत आणि जोर भलतीकडे दिला आहे? ब्लास्ट बीटमध्ये (ड्रमच्या अतिजलद, सलग ठेक्यात) हात आणि पाय सारखेच पडताहेत का? सगळे किक (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे ठोके) अगदी एकाच जोराने आणि एकाच आवाजात येत असतील तर बहुधा मूळ आवाजाच्या जागी आधीच मुद्रित केलेला नमुना बसवला आहे. टेक्निकल डेथ मेटलमध्ये ते चालून जातं. डूममध्ये ड्रमरच्या हाताचं वजन जातं आणि गाणं मरतं.

बेस: ऐकू येतो का? हा प्रश्न विनोदी वाटेल, पण मेटॅलिकाचा १९८८ चा ‘...ॲन्ड जस्टिस फॉर ऑल’ ऐका. जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळपास नाहीच. याच बँडच्या २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा मुख्य ड्रम) आजही भांडणाचा विषय आहे. दोन्ही निर्णय कुणीतरी जाणूनबुजून घेतलेले होते. निर्णय म्हणूनच त्यांचं माप काढा.

गायन: गुरगुराट आणि किंकाळीतही शब्दफेक असते, श्वास असतो, दमसास असतो. बुकलेटमधले शब्द समोर ठेवून ऐका.

आवाजाची दाबादाबी: सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ने हा विषय घराघरात पोचवला. अल्बम इतका मोठ्याने मास्टर केला होता की ध्वनी जागोजागी फाटत होता. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली प्रत कमी दाबलेली निघाली, श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि पुन्हा मिक्सिंग करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने, आपल्याकडे मिक्स आलं तेच दाबलेलं होतं, असं कळवलं. डायनॅमिक रेंजच्या मोजणीत या सीडीला ३ च्या आसपास आकडा मिळतो.

तो आकडा वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. व्हिनाइलवरून घेतलेल्या फाइलचा आकडा त्याच मास्टरच्या सीडीपेक्षा जास्त येऊ शकतो, ऐकायला काही फरक नसताना. आणि मोठा आकडा म्हणजे चांगलं मिक्सिंग असंही नाही. कान थकतो का, कुठल्या गाण्यापाशी थकतो, ते आधी लिहा आणि मग आकडा पाहा. या कामाच्या वेळी ॲपमधला समान पातळीचा पर्याय बंद.

शब्दांमागच्या विचारांचं काय करायचं? वर ज्या डार्कथ्रोनच्या अल्बमचं नाव घेतलं त्याच्या निम्म्या गाण्यांचे शब्द वर्ग विकर्नेस या संगीतकाराचे आहेत, आणि त्याला १९९४ सालीच खून आणि चर्चच्या जाळपोळीबद्दल शिक्षा झाली. माझा नियम असा: जे रेकॉर्डवर किंवा तिच्या कागदांवर आहे त्याबद्दल परीक्षणात स्पष्ट लिहायचं, वाचकाला अंधारात ठेवायचं नाही. ‘मी फक्त संगीताबद्दल बोलतो’ ही पळवाट मला पटत नाही. तुम्ही वेगळा नियम करा, पण करा, आणि प्रत्येक बँडला तोच लावा.

६. दोन्ही एकत्र आले तर

ही हद्द वाटते तितकी पक्की नाही. ब्लॅक सॅबथच्या त्यांच्याच नावाच्या गाण्यातला तो अशुभ रिफ आला त्यामागे बँडचा बेसवादक गीझर बटलर याचं रचनाकार होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’वरचं प्रेम होतं, विशेषतः पाच मात्रांतल्या ‘मार्स’वरचं. तो ‘मार्स’ ऐकायचा असेल तर मुंबईच्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर १९७१ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग घ्या. आजही त्याचा दणका कमी झालेला नाही.

बँड आणि वाद्यवृंद एकत्र असलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मी एकच गोष्ट आधी पाहतो. वाद्यवृंदाला स्वतःचं काही म्हणायचं आहे, की तो लग्नातल्या सनई-चौघड्यासारखा मागे नुसता वाजत राहिला आहे? डीप पर्पलच्या १९६९ च्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कॉन्चेर्टोत दोन्ही बाजू एकमेकांना अडवतात, तोडतात. ते सगळं जमलेलं नाही, पण जिवंत आहे. मेटॅलिका आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनीच्या १९९९ च्या मैफलीत मायकेल केमनची मांडणी काही गाण्यांना खरोखर नवं वजन देते आणि काही गाण्यांत गिटारच्या भिंतीमागे तंतुवाद्यं गुदमरतात. कोणती गाणी कुठल्या गटात, ते तुम्ही ठरवा. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाने १९९६ मध्ये चार चेलोंवर मेटॅलिका वाजवलं. तिथे ऐकायचं ते धनुष्य तारेवर किती दाबलं आहे आणि पाम म्यूटची (गिटारच्या तारा तळहाताने दाबून वाजवण्याची) जागा त्यांनी कशाने भरली. आपल्याकडे मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनने २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये विष्णूच्या अवतारांवर गाणी बेतली आणि भारतीय वाद्यं आणली. घरच्या बँडबद्दल लिहितानाही हाच प्रश्न तितक्याच कडकपणे विचारा. ‘आपला बँड’ म्हणून अर्धा तारा जास्त देणारं परीक्षण त्या बँडच्याच कामाचं नसतं.

७. एकदा तरी समोर बसून ऐका

वाद्यवृंद कधीच प्रत्यक्ष ऐकला नसेल तर रेकॉर्डिंगमधला समतोल खरा की मिक्सिंगच्या टेबलावर केलेला, हे कळायला मार्ग नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली होतात. मागच्या रांगेचं तिकीटही चालेल. मेटलसाठी छोट्या जागेतला कार्यक्रम पाहा, कानात बोळे घालून. कान हेच तुमचं भांडवल, ते एका रात्रीत गमावू नका.

८. आता लिहा

पहिल्या परिच्छेदात वाचकाला तीन गोष्टी कळू द्या: हे काय आहे, यात वेगळं काय आहे, तुमचं मत कुठे झुकतं. रहस्यकथा लिहू नका. चरित्र आणि इतिहास दोन-तीन वाक्यांत आटपा. ते कुठेही मिळतं, तुमचं ऐकणं मात्र दुसरीकडे मिळत नाही.

प्रत्येक विशेषणामागे एक जागा द्या, मिनिट-सेकंदासह. ‘बेस कमी आहे’ हे मत झालं. ‘गिटार आणि किक ड्रम यांच्यामध्ये जिथे बेस हवा तिथे पोकळी आहे, त्यामुळे जलद भागात किक नुसती टकटक वाटते’ हे वाचकाला स्वतः तपासता येतं. तसंच ‘गूल्ड भावपूर्ण वाजवतो’ याऐवजी १९८१ च्या आरियात सूर कसे सुटे, एकेक करून ठेवल्यासारखे येतात आणि मागे त्याचं गुणगुणणं कसं ऐकू येतं ते लिहा. ते आवडलं की खटकलं ते त्यानंतर.

क्लासिकलसाठी रागसंगीताची भाषा जपून वापरा. लय, दमसास, ठेका हे शब्द चालतात. पण सोनाटाला ‘विलंबित ख्याल’ म्हटलं की दोन्ही बाजूंचे जाणकार हसतात. नावांचं लिखाण एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा: शोपँ, द्वोर्झाक, बाख. रोमन लिपीतलं नाव एकदा कुठेतरी द्या, म्हणजे वाचकाला शोधता येईल.

लांबीवरून अल्बमला कमी-जास्त करू नका. स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा आहे आणि त्यात आणखी एका मिनिटाचीही गरज नाही.

९. तारे, फुकट प्रती आणि नंतरचं

तारे द्यायचेच असतील तर क्लासिकलमध्ये वादनाला आणि ध्वनीला वेगळे द्या. १९४७ च्या मैफलीतली खरखर आणि फुर्टवेंगलरचं संचालन यांची सरासरी काढून काही निष्पन्न होत नाही. मेटलमध्ये असं वेगळं करता येत नाही, कारण वर सांगितलंच आहे.

कंपन्या किंवा बँड परीक्षणासाठी आधी फाइल पाठवतात. ती बहुतेकदा दाबलेली एमपी३ असते, त्यावरून ध्वनीबद्दल निकाल देऊ नका, चांगली प्रत मागा. तिच्यात तुमच्या नावाची अदृश्य खूण असू शकते, म्हणून मित्राला पुढे पाठवू नका. प्रसिद्धीची तारीख दिली असेल तर ती पाळा. प्रत फुकट मिळाली हे परीक्षणाखाली लिहा, आणि बँडमधला कुणी ओळखीचा असेल तर तेही. फार जवळचा असेल तर ते परीक्षण दुसऱ्या कुणाला द्या.

छापून आल्यावर कुणी तथ्याची चूक दाखवली, साल किंवा वादकाचं नाव चुकलं, तर दुरुस्ती करा आणि केली असं खाली नमूद करा. मत बदला म्हणून आग्रह आला तर रेकॉर्डिंग एकदा पुन्हा ऐका. तरीही तेच वाटलं तर मत तसंच राहू द्या, आणि वाद घालत बसू नका.

पहिलं काम कोणतं घ्यावं, असं बरेच जण विचारतात. गूल्डच्या दोन गोल्डबर्गमधली फक्त आरिया घेऊन चारशे शब्द लिहा. पुढच्या आठवड्यात ‘...ॲन्ड जस्टिस फॉर ऑल’चं एकच गाणं घेऊन तेवढेच. दोन्हींत ‘अप्रतिम’ आणि ‘जबरदस्त’ हे शब्द वापरायला बंदी.